ड्रम आणि डिस्क मोवरचा ड्राइव्ह: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लसूणघास, कडवळ, मका किंवा माळावरचं गवत कापायला ट्रॅक्टरमागे रोटरी मोवर, म्हणजे गोल फिरणाऱ्या पात्यांचं कापणी यंत्र, लावणारे वाढले, तसे त्यांचे फोनही वाढले. फोन बहुतेक एकाच वाक्यानं सुरू होतो: "पाती नवीन टाकली तरी नीट कापत नाही." बऱ्याचदा दोष पात्यात नसतोच. पीटीओपासून, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टपासून, पात्यापर्यंत ताकद ज्या वाटेनं जाते, त्या वाटेवर कुठं तरी वेग सांडलेला असतो. म्हणून इथं पात्यांपेक्षा त्या वाटेबद्दलच जास्त आहे. प्रश्न लोकांचे आहेत, फक्त भाषा थोडी झाडून घेतली आहे.

१. ड्रम मोवर आणि डिस्क मोवर यांत फरक काय? पाती तर दोन्हींची सारखीच दिसतात.

पाती सारखीच असतात. त्यांना फिरवणारी ताकद कुठून येते, यात फरक आहे. ड्रम मोवरमध्ये ती वरून येते. वरच्या आडव्या पेटीत शाफ्ट आणि क्राउन-पिनियन (फिरणं काटकोनात वळवणारी गिअरांची जोडी) असतात, तिथून उभे शाफ्ट ड्रममध्ये खाली उतरतात आणि ड्रमच्या बुडाशी पाती लटकलेली असतात. डिस्क मोवरमध्ये ताकद खालून येते. जमिनीलगत सरकणाऱ्या चपट्या बारमध्ये गिअरांची एक रांग तेलात फिरते आणि प्रत्येक डिस्क त्या रांगेतल्या एका गिअरवर बसलेली असते.

बाकीचे फरक यातूनच निघतात. ड्रमवाला वजनाला भारी, पण त्याची रचना गावातल्या मेकॅनिकलाही कळते, आणि दोन ड्रमांच्या मधून गवताची सरळ ओळ पडते. डिस्कवाला त्याच रुंदीला हलका असतो आणि मोठ्या रुंदीचा करता येतो, पण त्याचा बार म्हणजे बंद डबा. आत काय चाललंय ते तेल सांगेल तेवढंच. पाच-दहा जनावरांच्या घासासाठी मी ड्रमवालाच घ्या म्हणतो.

२. पात्यांना एवढा वेग कशाला लागतो? विळ्याला तर लागत नाही.

विळ्यानं कापताना डाव्या हातात मूठ धरलेली असते. ती मूठच विळ्याचा अर्धा जीव. जुन्या सिकल बार मोवरमध्येही पातं पुढच्या दातांवर घासून कात्रीसारखं कापतं, त्यामुळे सेकंदाला दोन-तीन मीटर वेगावर त्याचं भागतं.

रोटरी पात्यासमोर काडी धरून ठेवणारं कुणीच नसतं. पातं हळू आलं तर काडी वाकते, निसटते आणि मागं पुन्हा उभी राहते. तिला आधार फक्त तिच्या स्वतःच्या जडत्वाचा. ती हलायच्या आत पातं आरपार जायला हवं. त्यासाठी पात्याच्या टोकाला सेकंदाला ७० ते ८० मीटर वेग ठेवतात.

हिशोब करून पाहा. पात्यांसह डिस्कचा व्यास अर्धा मीटर आणि फेरे मिनिटाला ३०००, तर टोकाचा वेग सेकंदाला साधारण ७८ मीटर येतो, म्हणजे ताशी २८० किलोमीटर. ड्रमचा व्यास मोठा, सुमारे ८० सेंटिमीटर, म्हणून त्याला १८०० च्या आसपासचे फेरे पुरतात आणि टोकाचा वेग जवळपास तेवढाच निघतो. दोन यंत्रांचे आरपीएम वेगळे का, असं विचारणाऱ्यांना उत्तर हेच: फेरे वेगळे असले तरी टोकाचा वेग एकच आहे.

३. पीटीओ तर ५४० फेरे देतो. त्याचे १८०० किंवा ३००० कसे होतात?

ड्रम मोवरमध्ये पीटीओची ताकद जॉइंट शाफ्टनं, म्हणजे ट्रॅक्टर आणि मोवर जोडणाऱ्या सांध्यांच्या दांड्यानं, मोठ्या पुलीपर्यंत येते. तिथून तीन-चार व्ही-पट्टे लहान पुलीवर जातात. वेग वाढतो तो बराचसा इथं, उरलेला क्राउन-पिनियनमध्ये. ५४० चे १८०० करायचे म्हणजे एकूण ३.३ पट. डिस्क मोवरमध्ये ५४० चे ३००० करताना हीच पट साडेपाचच्या वर जाते. तिथंही बहुतेक यंत्रांत पट्टे असतात, मग बाजूला क्राउन-पिनियनचा गिअरबॉक्स आणि त्यानंतर बारमधली रांग.

फेरे जितक्या पट वाढतात तितक्या पट शाफ्टचा पीळ, म्हणजे टॉर्क, कमी होतो. म्हणून पीटीओकडचे भाग जाडजूड आणि पात्याकडचे त्या मानानं बारीक असतात. उलट दिशेनं पाहिलं तर पातं दगडावर अडकलं की तो झटका मागं येताना वाढत येतो. तो मध्येच कुठं तरी थांबवावा लागतो (प्रश्न ९ आणि १० पाहा).

४. किती एचपीचा ट्रॅक्टर लागेल?

१.३५ मीटरच्या ड्रम मोवरला २५ ते ३० एचपी आणि १.६५ मीटरला ३५ ते ४५ एचपीचा ट्रॅक्टर ठीक चालतो. तेवढ्याच रुंदीच्या सिकल बारपेक्षा ही भूक तिपटी-चौपटीनं जास्त आहे, कारण रोटरी मोवर नुसतं कापत नाही. गवत फेकतो, हवा घुसळतो आणि हे सगळं रिकामा फिरतानाही करतो. दुसरी गोष्ट उचलण्याची. ड्रम मोवर एका बाजूला लटकतो. मिनी ट्रॅक्टरची लिफ्ट त्याला उचलते, पण वळताना पुढचं चाक हलकं होतं. पुढं वजन लावा.

५. इंजिन किती आरपीएमवर ठेवायचं? डिझेल वाचवायला थोडं कमी ठेवलं तर चालेल?

मीटरवर किंवा ट्रॅक्टरच्या पुस्तकात पीटीओ ५४० वर येण्याची इंजिनाची खूण दिलेली असते. थ्रॉटल तिथं ठेवा आणि शेत संपेपर्यंत हलवू नका. पुढं जाण्याचा वेग कमी-जास्त करायचा असेल तर गिअर बदला. ट्रॅक्टरला ५४० ई हा इकॉनॉमी पीटीओ असेल तर विरळ गवतात तो जरूर वापरा. तिथं इंजिन कमी फिरलं तरी पीटीओ ५४० च राहतो.

साधा थ्रॉटल कमी करणं ही मात्र खोटी बचत. पीटीओ ५४० वरून ४५० वर आला की टोकाचा वेग ७८ वरून ६५ मीटरवर येतो. हे फार वाटत नाही. पण पात्यातली ऊर्जा वेगाच्या वर्गानं घटते, म्हणजे सुमारे ३० टक्के गेलीच. मग घास चिरण्याऐवजी फाटतो, खुंटाचा शेंडा पिवळा पडतो आणि पुढच्या कापणीचा फुटवा उशिरा येतो. वाचलेलं डिझेल घासानं वसूल केलेलं असतं.

६. पीटीओला दोन-तीन लिव्हर आहेत: जीएसपीटीओ, रिव्हर्स, १०००. मोवरला कुठला?

फक्त ५४०, सरळ दिशेचा. ट्रॅक्टरच्या मागं उभं राहून पाहिलं तर शाफ्ट घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरायला हवा.

जीएसपीटीओ चाकांच्या वेगाशी बांधलेला असतो. ट्रॅक्टर हळू तर पीटीओ हळू, ट्रॅक्टर उभा तर पीटीओही उभा, मागं घेतला तर उलटा. दाट घासात आपण ट्रॅक्टर हळू करतो, आणि नेमकं तेव्हाच पात्याला वेग लागतो. या एका लिव्हरमुळे "मोवर बिघडला" म्हणून आलेल्या तक्रारी मी मोजणं सोडलं आहे.

रिव्हर्स लागला तर ज्या मोवरमध्ये ओव्हररनिंग क्लच आहे (प्रश्न ११) तिथं शाफ्ट फिरतो, ड्रम हलत नाहीत आणि माणूस गिअरबॉक्स खोलून बसतो. क्लच नसेल तर पाती उलटी फिरतात आणि बोथट कड पुढं येते.

१००० चा लिव्हर मात्र जिवावरचा आहे. ५४० ला बनवलेला मोवर त्यावर लावला तर डिस्कचे फेरे साडेपाच हजारांवर जातात आणि पात्याला बाहेर ओढणारं बल जवळपास साडेतीन पट होतं. १००० आरपीएमच्या पीटीओला २१ बारीक स्प्लाइन (शाफ्टवरचे लांब दाते) असतात आणि ५४० ला ६, ते मुळात ही चूक होऊ नये म्हणूनच. पण काही ट्रॅक्टरांत ६ स्प्लाइनच्या त्याच शाफ्टवर लिव्हरनं १००० मिळतो. तिथं लिव्हरला तार बांधून ठेवा.

७. जॉइंट शाफ्ट लांब पडतो. कापला तर चालेल?

चालेल, कित्येकदा कापावाच लागतो. आधी मोवर जोडून लिफ्ट वर-खाली करा आणि दोन्ही टोकं कुठल्या उंचीला सर्वांत जवळ येतात ते बघा. त्या जागी आतली नळी बाहेरच्या नळीच्या तळाला टेकता कामा नये, दोन-तीन सेंटिमीटर जागा राहू द्या. मग सर्वांत लांब जागेला बघा. तिथं नळ्या एकमेकींत किमान एक तृतीयांश शिरलेल्या हव्यात. आतली नळी, बाहेरची नळी आणि प्लास्टिकचं कव्हर सगळं सारखंच कापायचं, कड कानशीनं घासायची, आत ग्रीस लावायचं.

कव्हर कापायचा कंटाळा आला म्हणून ते काढून फेकून देणारे पुष्कळ आहेत. उघडा शाफ्ट सेकंदाला नऊ वेळा फिरतो. धोतर, उपरणं, ओढणी, साडीचा पदर यांतलं काहीही त्यात गेलं तर हात पुढं करायलाही वेळ मिळत नाही. कव्हर नसलेला शाफ्ट माझ्याकडं दुरुस्तीला आला तर मी आधी कव्हर बसवतो आणि मगच पुढं बोलतो.

८. शाफ्ट खोलून पुन्हा बसवला, तेव्हापासून धडधड येते. क्रॉस नवीन आहेत.

क्रॉस, म्हणजे सांध्यातले फुलीसारखे तुकडे, नवीन असतील, पण दोन टोकांचे योक, म्हणजे त्यांना धरणारी बेचकी, एका ओळीत बसवलेत का? वाकलेला क्रॉस एकसारखा फिरवत नाही, ही त्याची जात आहे. एका फेऱ्यात तो दोनदा पुढं पळतो आणि दोनदा मागं रेंगाळतो. ३० अंशाच्या वाकणात ५४० आरपीएमचं पुढच्या टोकाला ४६८ ते ६२३ असं हेलकावणं होतं.

म्हणून शाफ्टला दोन क्रॉस असतात. पहिल्यानं केलेला हेलकावा दुसरा उलट करून मिटवतो. त्याला अटी दोन: मधल्या नळीवरचे दोन्ही योक एकाच ओळीत हवेत आणि दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत. चौकोनी नळी ९० अंशांनी फिरून बसली तर हेलकावे मिटण्याऐवजी दुप्पट होतात. योक ओळीत असूनही धडधड असेल तर टॉप लिंक (मोवरला वरून ट्रॅक्टरशी जोडणारी दांडी) बघा. ती जास्त आवळली की मोवर पुढं कलतो आणि दोन टोकांचे कोन बिघडतात.

लिफ्ट उचलल्यावरच खडखड येत असेल तर ती कोन फार वाढल्याची आहे. त्यावर औषध एकच, उचलण्याआधी पीटीओ बंद करणं. बांधाच्या टोकाला वळताना हे दर वेळी करावं लागतं. कंटाळा येतो, मान्य आहे. पण क्रॉसही फुकट येत नाहीत.

९. पट्टे घसरतात, जळका वास येतो. किती आवळू?

दोन पुल्यांमधल्या मोकळ्या अंतराच्या मध्यावर अंगठ्यानं दाबून पाहा. मीटरभर अंतराला साधारण १६ मिलिमीटर दबायला हवा. मोवरवर हे अंतर अर्धा मीटर असेल तर ८ मिलिमीटर. नवीन पट्टे पहिल्या काही तासांत सैलावतात, ते पुन्हा एकदा आवळावेच लागतात.

आवळूनही घसरत असेल तर आणखी आवळू नका. पुलीच्या खाचेत बॅटरी मारून बघा. व्ही-पट्टा बाजूच्या भिंतींवर पाचरीसारखा अडकून ओढतो, तळाला टेकून नाही. खाचेचा तळ आरशासारखा चमकत असेल तर पट्टा किंवा खाच झिजून पट्टा तळाला लागला आहे आणि पाचर संपली आहे. अशा पुलीवर नवा पट्टासुद्धा फार दिवस टिकणार नाही. पट्ट्यावर ग्रीस उडालंय का, तेही बघा.

ज्या मोवरला शिअर बोल्ट (जास्त झटका आला की मुद्दाम तुटणारा बोल्ट) नाही, त्यात पट्ट्याचं घसरणं हेच संरक्षण असतं. ड्रमखाली मुळी, दगड, तार आली की पट्टा घसरतो आणि क्राउन-पिनियन वाचतं. पट्टे तारेसारखे ताणून ठेवणारा माणूस हे संरक्षण स्वतःच काढून टाकतो. "पट्ट्याऐवजी चेन बसवून द्या" अशी मागणीही येते. मी बसवून देत नाही.

*चारपैकी एकच पट्टा तुटला तर?* चारही बदला. जुने तीन ताणून लांबलेले असतात, त्यामुळे नवा आखूड पट्टा एकटाच सगळा भार ओढतो आणि लवकर तुटतो. जुने तीन नुसते सोबत फिरतात. हंगाम संपला की पट्टे सैल करून ठेवा.

१०. शिअर बोल्ट सारखा तुटतो. कडक बोल्ट टाकू का?

नको. तो तुटावा म्हणूनच घातलेला असतो. बोल्टच्या डोक्यावर ८.८, १०.९ असे आकडे असतात. पुस्तकात जो असेल तोच घ्या, त्याच जाडीचा.

सारखा तुटण्याची कारणं वेगळी असतात. एक, भोक झिजून लंबगोल झालेलं असतं. मग बोल्ट आत हलतो आणि प्रत्येक झटक्याला थोडा थोडा कापला जातो. दोन, पूर्ण आट्यांचा बोल्ट बसवलेला असतो. कापला जाण्याच्या जागी आटे आले की बोल्ट तिथं कमजोर पडतो. बोल्टचा गुळगुळीत भाग त्या जागी यायला हवा. तीन, थ्रॉटल चढवून पीटीओचा क्लच एकदम सोडण्याची सवय. थांबलेल्या जड ड्रमांना झटक्यात पळवायचं तर पहिला बळी बोल्टचाच. इंजिन कमी ठेवा, पीटीओ हळू लावा, मग थ्रॉटल चढवा.

डिस्क मोवरमध्ये बऱ्याच ठिकाणी प्रत्येक डिस्कखाली असाच मुद्दाम कमजोर ठेवलेला हब असतो. डिस्क अडकली की तो तुटतो आणि आतली गिअरांची रांग वाचते. एका शेतकऱ्यानं तुटलेला हब वेल्डिंग करून आणला होता. पुढच्या दगडाला हब शाबूत राहिला आणि बारमधले तीन गिअर गेले.

११. पीटीओ बंद केला तरी ड्रम फिरतच राहतात. ब्रेक खराब आहे का?

ब्रेक नसतोच. जड ड्रम एकदा फिरायला लागले की चाकासारखे आपल्या गतीनं फिरत राहतात. ओव्हररनिंग क्लच म्हणजे सायकलच्या फ्रीव्हीलचाच भाऊ. पॅडल थांबलं तरी चाक फिरतं, तसा पीटीओ थांबला तरी ड्रम मोकळे फिरतात. तो नसता तर त्यांची गती उलट ट्रॅक्टरच्या गिअरमध्ये शिरली असती, आणि काही ट्रॅक्टरांत क्लच दाबूनही ट्रॅक्टर पुढं ढकलला गेला असता.

शाफ्ट थांबला म्हणजे पाती थांबली असं समजू नका. इंजिन बंद करा, किल्ली खिशात घाला, ड्रम पूर्ण थांबलेले डोळ्यांनी बघा आणि मगच पदर उचला. पदर म्हणजे मोवरभोवतीचं जाड कापड. दगड उडाला तर अडवायला तेवढंच असतं.

१२. पाती बदलल्यावर थरथर का वाढली?

एकाच ड्रमवर जुनी आणि नवी पाती मिसळली असतील. डिस्कच्या ३००० फेऱ्यांवर १० ग्रॅमच्या फरकाचा ओढा सुमारे २५ किलोचा होतो आणि तो सेकंदाला ५० वेळा दिशा बदलतो. ड्रमवर हाच आकडा १५ किलोच्या आसपास येतो. बेअरिंग आणि ऑइल सील यांना हे फार दिवस सोसत नाही. समोरासमोरची पाती जोडीनंच बदला. शिवाय पात्यांना डावी-उजवी बाजू असते, कारण शेजारचे ड्रम एकमेकांच्या उलट फिरतात. पातं त्याच्या पिनेवर बोटानं सहज फिरलं पाहिजे. अडकलेलं पातं दगडाला लागल्यावर मागं सरत नाही, तुटून उडतं.

१३. डिस्कचा बार खोलून बसवला. आता शेजारच्या डिस्कची पाती एकमेकांवर आदळतात.

टायमिंग चुकलं. शेजारच्या दोन डिस्कच्या पात्यांची वर्तुळं एकमेकांत शिरतात, नाहीतर मध्ये न कापलेली पट्टी राहिली असती. म्हणून लंबगोल डिस्क एकमेकींना ९० अंशांत ठेवतात. एक आडवी असते तेव्हा शेजारची उभी. गिअर एक-दोन दातांनी सरकला तरी हे गणित मोडतं. खोलण्यापूर्वी खुणा करा, बसवल्यावर सगळ्या डिस्क हातानं दोन-तीन पूर्ण फेरे फिरवा.

दोन डिस्कच्या मध्ये किती गिअर आहेत त्यावर फिरण्याची दिशा ठरते. मध्ये एक असेल तर दोन्ही डिस्क एकाच दिशेनं फिरतात, दोन असतील तर उलट. "एक गिअर काढला तर चालेल का, वाजत होता" असाही प्रश्न आला आहे. चालणार नाही.

१४. बारमध्ये तेल जास्त टाकलं तर गिअरांना बरंच की?

उलट वाईट. बार चपटा, जागा कमी. जास्त तेल घुसळलं जातं, तापतं, फेसाळतं आणि सीलमधून बाहेर येतं. बार जमिनीला समांतर ठेवून, थोडा वेळ थांबून पातळी बघा. रस्त्यावरून उभा करून आणलेल्या बारमध्ये सगळं तेल एका टोकाला गेलेलं असतं. ड्रम मोवरच्या वरच्या पेटीत काही वेळा तेलाऐवजी पातळ ग्रीस असतं, तिथं तेल ओतू नका.

१५. ड्राइव्ह ठीक आहे, तरी वाफ्यात ट्रॅक्टर दमतो. का?

ड्रमखालचा तवा बघा. तो ड्रमसोबत फिरत नाही. स्वतःच्या बेअरिंगवर मोकळा असतो आणि जमिनीवरून सरकतो. बेअरिंगमध्ये माती जाऊन तो जाम झाला की ड्रमसोबत गरगरतो, जमीन घासतो आणि ताकद खातो. ड्रम थांबलेला असताना तवा हातानं फिरवून बघितला की कळतं.

आपल्याकडं घास सपाट वाफ्यात असतो आणि दोन वाफ्यांत वरंबा. १.६५ मीटरचा मोवर वरंब्यावर आडवा घातला की पाती मातीत जातात. घास पाच-सात सेंटिमीटरवर कापायचा असतो, मातीत नाही. मोवर घ्यायचा असेल तर वाफे मोवरच्या रुंदीच्या पटीत पाडा आणि वरंब्याला समांतर चाला.

१६. नेपिअर आणि डोंगरी गवत याच मोवरनं निघेल का?

कोवळा नेपिअर निघतो. जाड झालेल्या, फुले जयवंतसारख्या उंच वाढणाऱ्या नेपिअरच्या ठोंबांवर मात्र ड्रम चढतो आणि पट्टे जळतात. त्याला कुट्टी करणारं हार्वेस्टर किंवा कोयता बरा.

डोंगरी गवत कापायला मोवर छान, पण ते वाढतं नेमकं दगडांच्या उतारावर. डहाणू-तलासरीकडं मुंबईच्या तबेल्यांसाठी गवत कापण्याचा मोठा धंदा होता, इतका की १९४५ साली वारल्यांनी गवत कापणीच्या मजुरीवरून संप केला. त्या उतारांवर आजही विळाच चालतो. सपाट माळ असेल तर आधी पायी फिरून दगड वेचा, आणि मोवर चालू असताना माणसं-जनावरं लांब ठेवा.

१७. जुना मोवर मिळतोय. ड्राइव्हचं काय तपासू?

रंगाकडं बघू नका, तो परवाचाच असतो. पट्टे काढून प्रत्येक ड्रम हातानं हळू फिरवा. एखाद्या जागी अडकून पुढं उडी मारत असेल तर क्राउन-पिनियनचा दात गेलाय. ड्रमची कड धरून वर-खाली हलवा, ठोका लागला तर बेअरिंग गेलं. पुलीच्या खाचा बघा (प्रश्न ९), शिअर बोल्टचं भोक बघा (प्रश्न १०), तवा फिरवा (प्रश्न १५). डिस्कवाला असेल तर बारचं तेल थोडं पांढऱ्या कापडावर काढा. चमचमणारा चुरा दिसला तर किंमत विचारूही नका. शेवटी ५४० वर दहा मिनिटं रिकामा चालवून गिअरबॉक्सवर हात ठेवा. हात ठेवता येत नसेल तर मालकाला चहाबद्दल धन्यवाद द्या आणि निघा.